डोंगरी सायकल जड का चालते?



माणसाने स्वतःच्या बळावर चालविण्यासाठी जी वाहने निर्माण केली, त्यांत सायकलीइतके काटकसरी वाहन दुसरे नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील एस. एस. विल्सन यांनी १९७३ साली 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात याचा हिशेब मांडला होता. पायी चालणाऱ्या माणसाला जेवढी ऊर्जा खर्च करावी लागते, तिच्या साधारण पाचव्या हिश्श्यात सायकलस्वार तेवढेच अंतर कापतो, असा त्या हिशेबाचा निष्कर्ष होता. जे वाहन मुळातच इतके काटकसरी आहे ते एखाद्याला जड वाटू लागले, तर त्याचा अर्थ एवढाच होतो, की स्वाराने दिलेली ऊर्जा वाटेत कोठेतरी गळते आहे. ती नेमकी कोठे गळते हे शोधून काढणे हा आजच्या व्याख्यानाचा विषय होय.

ज्या सायकलीविषयी ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते, ती म्हणजे माउंटन बाइक किंवा डोंगरी सायकल. जाड टायर, त्यांवर रबराचे उंच गट्टू, पुढच्या फोकमध्ये स्प्रिंगा, पुढेमागे मिळून अठरा किंवा एकवीस गिअर, असे तिचे रूप असते. गेल्या काही दशकांत भारतातील लहानमोठ्या शहरांतून ही सायकल सर्वत्र दिसू लागली. महाविद्यालयात जाणारा एखादा मुलगा किंवा मुलगी घरच्यांच्या मागे लागून ती मिळविते. पहिले आठ दिवस कौतुकात जातात. नंतर एके दिवशी लक्षात येते, की दोन्ही बाजूंना दुधाच्या कासंड्या अडकविलेली जुनी काळी सायकल घेऊन एक वयस्क गवळी सहज पुढे निघून जातो, आणि आपण मात्र घामाघूम होऊनही मागेच राहतो. शिवाय हात बधिर होतात, बैठक दुखते. मग दोनपैकी एक अनुमान काढले जाते: आपल्या पायांत बळ नाही, किंवा दुकानदाराने आपल्याला फसविले. दोन्ही अनुमाने बहुधा चुकीची असतात. परंतु त्यांचा परिणाम एकच होतो. सायकल जिन्याखाली जाऊन पडते आणि एक निरोगी सवय मुळाशीच खुंटते. म्हणून या किरकोळ वाटणाऱ्या तक्रारीची चिकित्सा गंभीरपणे केली पाहिजे.

या चिकित्सेचा आरंभ सायकलीच्या जन्मकथेपासून करणे योग्य ठरेल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन नावाचा डोंगराळ परगणा आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जुन्यापुराण्या जाड टायरच्या सायकली स्वस्तात मिळवून डोंगरावरील मातीच्या वाटांनी खाली सोडीत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या अशाच एका उतारावर त्यांनी शर्यत भरविली. त्या वाटेला 'रिपॅक' असे नाव पडले होते. उतार इतका तीव्र होता, की मागच्या हबमधील ब्रेक तापून त्यातील ग्रीस जळून जाई आणि तळाशी पोहोचल्यावर हब उघडून ते पुन्हा भरावे लागे; त्यावरून हे नाव. पुढे १९७७ साली ज्यो ब्रीझ यांनी खास याच कामासाठी नवा सांगाडा तयार केला. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ साली अशा सायकली विकण्याचा व्यवसाय सुरू केला. १९८१ साली मोठ्या प्रमाणावर तयार होणारी डोंगरी सायकल बाजारात आली. १९८९ च्या सुमारास पुढच्या फोकमध्ये धक्के शोषणारी यंत्रणा मिळू लागली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या सायकलींच्या शर्यतीला स्थान मिळाले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की यंत्राचा प्रत्येक अवयव कोणत्यातरी प्रश्नाचे उत्तर असतो. जाड टायर हे दगडगोट्यांना दिलेले उत्तर आहे. उंच गट्टू हे सुट्या मातीला आणि चिखलाला. रुंद हँडल हे तीव्र उतारावरील तोल सांभाळण्याला. तीच सायकल सपाट डांबरी रस्त्यावर आणली, की ज्या प्रश्नांची ती उत्तरे होती ते प्रश्न तेथे नसतात, आणि उत्तरांची किंमत मात्र मोजावीच लागते. म्हणून तक्रारीच्या मुळाशी जाताना दोन गोष्टी आरंभीच वेगळ्या कराव्या लागतात: यंत्राचा स्वभाव कोणता आणि यंत्राचा बिघाड कोणता. स्वभावाला औषध नसते. त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते किंवा टायरसारखा एखादा भाग बदलावा लागतो. बिघाड मात्र दुरुस्त होतो, आणि पुष्कळदा तो फुकटात दुरुस्त होतो.

प्रथम स्वभावाचा विचार करू. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला मुख्यतः दोन विरोधांशी झगडावे लागते. एक हवेचा विरोध आणि दुसरा चाकाचा विरोध. चाक जमिनीवरून फिरत असताना टायरचा जो भाग खाली येतो तो दबतो आणि वर जाताना पूर्ववत होतो. रबर दाबण्यासाठी जेवढी ऊर्जा लागली तेवढी सगळी ते परत करीत नाही. थोडी उष्णतेच्या रूपाने नाहीशी होते. टायर जितका जाड, त्याचे रबर जितके मऊ व गट्टूदार, तितका हा नाश अधिक. डांबरावर प्रत्येक गट्टू वाकतो आणि सुटतो. त्या सततच्या वाकण्यातूनच डोंगरी टायरची ती ओळखीची घरघर निर्माण होते. ती घरघर म्हणजे स्वाराच्या पायांतून गेलेल्या ऊर्जेचाच आवाज होय.

हे आकड्यांत मांडले म्हणजे अधिक स्पष्ट होईल. स्वार आणि सायकल यांचे एकत्रित वजन ८५ किलोग्रॅम धरू. चांगल्या गुळगुळीत टायरचा विरोध वजनाच्या साधारण अर्धा टक्का असतो. गट्टूदार डोंगरी टायरचा विरोध डांबरावर सव्वा टक्क्याच्या आसपास जाऊ शकतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना पहिल्या टायरसाठी सुमारे २३ वॅट शक्ती लागते, तर दुसऱ्यासाठी ५५ वॅटच्या आसपास. आता हवेचा विरोध पाहू. डोंगरी सायकलीवर स्वार ताठ बसतो आणि त्याचे हात रुंद पसरलेले असतात, त्यामुळे तो अधिक हवा अडवितो. त्याच वेगाला थोडे पुढे वाकून बसणाऱ्याला हवेपोटी सुमारे ४० वॅट, तर ताठ बसणाऱ्याला ५५ वॅटच्या आसपास खर्च येतो. एकंदर बेरीज एकीकडे ६३ आणि दुसरीकडे ११० च्या आसपास. याचा अर्थ, जो स्वार हलक्या टायरच्या सायकलीवर ताशी २० किलोमीटर वेगाने जातो, तोच तेवढेच बळ लावून डोंगरी सायकलीवर जेमतेम ताशी १५ किलोमीटर वेग गाठतो. हा ढोबळ हिशेब आहे. टायर, रस्ता आणि वारा यांप्रमाणे आकडे बदलतील. तथापि त्या गवळ्याच्या पुढे जाण्यामागील रहस्य यातून उलगडते. त्याच्या सायकलीचे टायर अरुंद असतात, त्यांवरील नक्षी उथळ असते आणि तो ते भरपूर हवा भरून वापरतो. मुलाच्या पायांत बळ कमी असते असे नाही. ते बळ रबर तापविण्यात जाते.

येथे वजनाविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण सर्व दोष वजनाच्या माथी मारण्याची रीत आहे. सपाट रस्त्यावर तीन किलोग्रॅम जादा वजनाचा परिणाम जाणवण्याइतकाही नसतो. उभ्या चढावर तो जाणवतो. पण तेथेही ८५ किलोग्रॅमच्या जागी ८८ झाले तर शंभर मिनिटांच्या चढाला साडेतीन-चार मिनिटे अधिक लागतील, एवढेच. हलकी सायकल घेण्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यापूर्वी हा हिशेब ध्यानात घेतलेला बरा.

आता हादऱ्यांकडे वळू. हादरा आणि संथपणा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असे वरवर वाटते. वस्तुतः खडबडीत वाटेवर त्या एकाच तक्रारीची दोन रूपे असतात. ही गोष्ट सायकलीच्या इतिहासात फार पूर्वी प्रत्ययास आली होती. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तंत्रज्ञाने हवा भरलेल्या टायरचे पेटंट १८४५ सालीच घेतले होते. पण तो शोध विस्मृतीत गेला. पुढे बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीचे हादरे कमी व्हावेत म्हणून रबरी नळी हवेने फुगवून एका लाकडी चकतीवर बसविली. भरीव रबराचे चाक आणि हे हवेचे चाक त्याने अंगणात एकामागून एक सोडून पाहिले. भरीव चाक वाटेतच थांबून पडले. हवेचे चाक अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन आदळले. १८८८ साली त्याने पेटंट घेतले. मे १८८९ मध्ये विली ह्यूम याने बेलफास्टच्या मैदानावर हे फुगीर टायर लावून शर्यती जिंकल्या, तेव्हा त्यांना हसणारी तोंडे बंद झाली. सुखासाठी केलेला उपाय वेगालाही उपकारक ठरला, हे या घटनेचे मर्म होय.

याची कारणमीमांसा सोपी आहे. चाक खड्यावर आदळते तेव्हा टायर कडक असेल तर खडा टायरमध्ये रुतू शकत नाही. सबंध सायकल आणि स्वार यांनाच वर उचलले जावे लागते. पुढे जाण्याच्या गतीतला काही भाग अशा रीतीने वर उचलण्यात खर्ची पडतो. खाली आल्यावर तो परत मिळत नाही. स्वाराच्या दंडांत, मांड्यांत, पोटाच्या स्नायूंत तो थरथरीच्या रूपाने विरून जातो. सिॲटलच्या 'बायसिकल क्वार्टरली' या नियतकालिकातून यान हाइने यांनी खडबडीत पृष्ठभागावर केलेल्या चाचण्यांतून या नाशाकडे विशेष लक्ष वेधले. त्यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. कडक टायरमुळे जी बारीक, जलद थरथर हातांना जाणवते, तिच्यामुळे स्वाराला आपण वेगाने जात आहोत असा भास होतो. मऊ टायरवर ही थरथर नाहीशी होते आणि सायकल मंदावल्यासारखी वाटते, घड्याळ मात्र तसे सांगत नाही. म्हणून सायकलीच्या बाबतीत 'वाटणे' हा पुरावा धरता येत नाही. तो केवळ शोधाचा आरंभ असतो.

यावरून हवेचा दाब हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय ठरतो. सायकल जड चालते म्हटले की पुष्कळ जण दुकानात जाऊन टायर दगडासारखा टणक करून घेतात. गुळगुळीत डांबरावर याने वेग थोडा वाढेल, पण खडीच्या वा उखडलेल्या रस्त्यावर हादरेही वाढतील आणि वेगही घटेल. उलट, महिनोन्‌महिने हवा न भरलेला टायर डांबरावर चिखलातून ओढल्यासारखा चालतो. टायरच्या कडेवर कोरलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तो योग्य दाब असतोच असे नाही. दोन इंचांहून थोड्या अधिक रुंदीचा, ट्यूब घातलेला टायर आणि मध्यम वजनाचा स्वार धरला, तर डांबरावर दर चौरस इंचाला ४० ते ४५ पौंड आणि दगडमातीच्या वाटेवर ३० पौंडांच्या आसपास दाब आरंभासाठी योग्य होय. मागच्या चाकावर भार अधिक असल्यामुळे तेथे दोन-तीन पौंड अधिक ठेवावेत. फार कमी दाब ठेवला तर दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाऊन तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. अशी जोडछिद्रे दिसली की दाब कमी होता हे समजावे. अंगठ्याने टायर चेपून पाहण्याच्या पद्धतीवर विसंबू नये; दाबमापक असलेला पंप वापरावा. बहुतेक डोंगरी सायकलींना मोटारसायकलीसारखा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. परंतु तेथील यंत्र क्षणात प्रमाणाबाहेर हवा भरते, हे ध्यानात ठेवावे.

टायरनंतर पुढच्या फोकचा क्रम येतो. स्प्रिंगांचा फोक दिसायला भारदस्त असतो, पण तो योग्य स्थितीत नसेल तर लाभापेक्षा हानी अधिक करतो. त्याची परीक्षा अशी करावी: फोकच्या वरच्या चकचकीत नळीवर एक बारीक रबरी कडे बसवावे आणि ते खालच्या टोकाशी सरकवावे. मग हळूच सायकलीवर बसावे आणि हळूच उतरावे. कडे जेवढे वर सरकलेले असेल तेवढा फोक केवळ स्वाराच्या भाराने दबला. फोकची एकूण दबण्याची क्षमता १०० मिलिमीटर असेल तर २० ते २५ मिलिमीटर दबणे योग्य मानतात. मुळीच दबला नाही तर स्प्रिंग स्वारासाठी फार ताठ आहे, किंवा धूळ व गंज यांमुळे नळ्या आत अडकत आहेत. अशा फोकला लहान हादरे कळतच नाहीत. तो केवळ जादा वजन होऊन राहतो. फार दबला तर प्रत्येक पॅडलाबरोबर सायकल पुढे डुलते आणि स्वाराचे बळ स्प्रिंग दाबण्यात जाते. अनेक फोकांच्या उजव्या नळीच्या माथ्यावर एक फिरकी असते. ती फिरविली की फोक जखडला जातो. डांबरी चढावर ही सोय चांगली. परंतु दुकानात कोणीतरी ती फिरवून ठेवलेली असते, स्वाराला तिचा पत्ताच नसतो, आणि 'स्प्रिंगा असूनही हादरे बसतात' अशी तक्रार वर्षभर चालू राहते.

येथवर स्वभावाचा आणि मांडणीचा विचार झाला. आता खऱ्याखुऱ्या बिघाडांकडे येऊ. त्यांचा माग काढण्याची एक पद्धत आहे. वैद्य जशी नाडी पाहतो, तद्वत सायकलीचे ठोके मोजावयाचे. हादरा अथवा खरखर ही कोणत्या तालाने येते, हे ध्यानपूर्वक पाहिले तर ती कोठून येते हे बहुधा कळते. ताशी १५ किलोमीटर वेगाला २६ इंची चाक सेकंदाला सुमारे दोन फेरे घेते. हादरा त्या तालाने येत असेल तर दोष चाकात आहे: रिम वाकली आहे, चाकाला आऊट आला आहे, किंवा टायर रिममध्ये एका जागी नीट बसलेला नाही. पॅडलच्या प्रत्येक फेरीला एकदा कटकट होत असेल तर दोष पॅडलमध्ये किंवा पॅडलचा दांडा ज्या आसावर फिरतो त्या आसाच्या छऱ्यांत असतो. पॅडलच्या साधारण साडेतीन फेऱ्यांनी एकदा पाय अडखळत असेल, तर चेनची एखादी कडी ताठ झाली आहे; कारण ११० कड्यांच्या आसपास असलेली चेन बत्तीस दात्यांच्या चकतीवरून पुरी फिरण्यास तेवढ्याच फेऱ्या लागतात. पॅडल थांबविल्याबरोबर आवाज बंद झाला तर दोष चेन, पॅडल व त्यांच्या आसाकडे. चालूच राहिला तर चाक, हब वा ब्रेककडे. कोणताही ताल नसून वेगाबरोबर चढत जाणारी अखंड घरघर असेल, तर ती गट्टूंची. तिला बिघाड समजू नये.

शरीराचा कोणता भाग दुखतो यावरूनही दिशा मिळते. तळहात बधिर होत असतील तर पुढचा टायर, फोक आणि हँडलची पकड पाहावी. बैठकीला धक्के बसत असतील तर मागचा टायर पाहावा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलविली असता हँडलखाली खटखट जाणवली, तर तेथील कप व छरे सैल झाले आहेत. पाठोपाठ दोन्ही चाके उचलून हाताने फिरवून पाहावीत. निर्दोष चाक बराच वेळ फिरत राहते आणि थांबताना किंचित मागे झुलते. दोषी चाक अवघडल्यासारखे एकदम थांबते. कोन फार आवळलेले असतील किंवा ब्रेकचा गट्टू रिमला घासत असेल तर हे घडते. डिस्क ब्रेकच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी बाळगावी. चकती किंचित वाकलेली असली की फेऱ्यागणिक 'सुई सुई' असा आवाज येतो आणि सारा दोष त्याचाच असावा असे वाटते. हलक्या स्पर्शाने होणारा तो नाश पुष्कळदा नगण्य असतो. तेच दोन महिने तेल न मिळालेली, धुळीने माखलेली चेन फारसा आवाज न करता प्रत्येक फेरीला आपला वाटा घेत राहते. मोठा आवाज करणारा चोरच मोठी चोरी करतो असे नाही.

अखेरचा संशयित म्हणजे स्वार स्वतः; अर्थात त्याचे बळ नव्हे, त्याची बसण्याची व चालविण्याची रीत. आपल्याकडे सीट इतकी खाली ठेवण्याची प्रथा आहे, की थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकावेत. गर्दीच्या रस्त्यावर याने धीर येतो खरा, पण गुडघा कधीच पुरेसा सरळ होत नाही आणि मांडीचे मोठे स्नायू अर्ध्याच बळाने काम करतात. हॅम्ली आणि टॉमस या ब्रिटिश संशोधकांनी १९६७ साली दाखवून दिले, की मांडीच्या सांध्यापासून जमिनीपर्यंतच्या आतल्या मापाच्या १०९ टक्के एवढे अंतर पॅडलपासून सीटपर्यंत ठेवले असता स्वाराला थोड्या वेळेपुरते सर्वाधिक बळ लावता येते. माप घेण्याचा खटाटोप नको असेल तर साधी खूण अशी: पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. मग पावलाचा पुढचा भाग पॅडलवर ठेवला म्हणजे गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. हा बदल एका पान्याने दोन मिनिटांत होतो आणि त्याने वेग तर वाढतोच, गुडघेदुखीही पुष्कळदा थांबते. दगडधोंड्यांच्या उतारावर मात्र सीट पुन्हा खाली घ्यावी.

गिअरांची कथाही अशीच आहे. पुढची २२ दात्यांची आणि मागची ३२ दात्यांची चकती जोडीने वापरली तर पॅडलच्या एका फेरीत २६ इंची सायकल जेमतेम १.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तरी वेग ताशी पाच किलोमीटर, म्हणजे पायी चालण्याइतकाच भरतो. पुढे ४४ व मागे १४ दाते घेतले तर त्याच साठ फेऱ्यांत ताशी २३ किलोमीटर वेग मिळतो. पहिली जोडी उभ्या डोंगरासाठी आहे. सपाट रस्त्यावर ती धरून बसणाऱ्याला सायकल संथ वाटणारच. याउलट प्रत्येक वेळी सर्वांत जड गिअर लावून दात-ओठ खाणाऱ्याला ती जड वाटेल. मिनिटाला साठ ते ऐंशी फेऱ्या सहजपणे मारता येतील असा गिअर निवडावा, हा सर्वसाधारण नियम होय.

आता प्रश्न उरतो, की इतक्या कारणांतून आपल्या सायकलीचे कारण कसे ओळखावे? त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. वाहतूक नसलेला एखादा सौम्य उतार शोधावा. वारा पडलेला असताना, शक्यतो पहाटे, ठराविक खुणेपाशी थांबून पॅडल न मारता सायकल सोडावी आणि ती जेथे थांबेल तेथे खडूने रेघ ओढावी. असे तीनदा करावे. मग एकच बदल करावा, जसे हवा पाच पौंडांनी वाढविणे, आणि पुन्हा तीनदा सोडून पाहावे. स्वार तोच, कपडे तेच, बसण्याची पद्धत तीच असली पाहिजे. बदल वहीत टिपून ठेवावेत. एका वेळी चार बदल केले तर सायकल सुधारेल, पण कशाने सुधारली हे कधीच कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागेल. या चाचणीत चेन आणि गिअर यांचा संबंध येत नाही. त्यामुळे उतारावर सायकल उत्तम घरंगळत असेल आणि पॅडल मारतानाच जड वाटत असेल, तर दोष चेन, पॅडल किंवा सीटची उंची यांपैकी कोठेतरी आहे, हेही तिच्यावरून ठरविता येते.

तपासणीचा क्रम खर्चाच्या चढत्या भाजणीने ठेवावा. आधी हवा, सीट आणि गिअर, यांना पैसे पडत नाहीत. मग चेनची सफाई आणि तेल, ब्रेक सैल करणे, चाकाचा आऊट काढणे. यांना थोडके पैसे लागतात. त्यानंतर छरे बदलणे आणि फोकची आतून सफाई. यानेही समाधान झाले नाही आणि सायकल मुख्यतः डांबरावरच चालवायची असेल, तर गट्टूदार टायर काढून दीड इंच रुंदीचे गुळगुळीत टायर बसवावेत. मघाच्या हिशेबात जो सर्वांत मोठा नाश दिसला तो या एकाच बदलाने पुष्कळसा भरून निघतो. नवी सायकल घेण्याचा विचार यानंतरच करावा.

आणि ज्याच्या घरापासून डांबर लवकर संपते, कच्च्या रस्त्याने वा नदीकाठच्या गोट्यांवरून ज्याला जायचे आहे, त्याने ते टायर बदलू नयेत. हिमाचल वा लडाखमधील उखडलेल्या रस्त्यांवर अरुंद टायरची चपळ सायकल पदोपदी उसळते, घसरते आणि स्वाराला उतरून चालायला लावते. तेथे हीच संथ म्हणून हिणवलेली सायकल दगडावर पाय रोवून पुढे जाते. डांबरावर तिने जे गमावले ते तिने तेथे राखून ठेवलेले असते. आपला नित्याचा रस्ता कोणता, हे आधी पाहावे, आणि मग हवेच्या पंपाला हात घालावा.